विरंगुळ्याचें पान : पिस्तुलाचा बार आणि त्याचें उत्तर

व्हिडिओ गेम म्हटला कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें दोनच चित्रें उभीं राहतात. एक बंदुकीचें आणि दुसरें भरधाव मोटारीचें. मुलें खोलीचें दार लोटून घेतात, आंतून धडाडधूम असे आवाज येतात, आणि पानें वाढलीं आहेत म्हणून तिसऱ्यांदां हांक मारावी लागते. यापलीकडे या विषयाशीं आमचा परिचय नव्हता, आणि तो व्हावा अशी इच्छाहि नव्हती. तेव्हां या महिन्याचें पान अशा एका खेळाला द्यावें याचें आमचें आम्हांसच नवल वाटत आहे. त्यांतून गंमत अशी कीं, ज्या खेळाविषयीं लिहावयाचें त्याची सुरुवातहि पिस्तुलाच्या बारानेंच होते! फरक इतकाच कीं येथें महत्त्वाचा असा बार एकच, आणि पुढील पांच-सहा तास त्या एका बाराचें काय करावें या विवंचनेंत जातात.

खेळाचें नांव ‘जेनेसिस न्वार’. न्यूयॉर्क शहरांतील ब्रुकलिन येथील ‘फेरल कॅट डेन’ या लहानशा मंडळीनें तो सिद्ध केला. तिचे सूत्रधार एव्हन अँथनी व जेरेमी एबल. सन २०२१ च्या मार्च महिन्यांत तो प्रसिद्ध झाला. ‘जेनेसिस’ म्हणजे उत्पत्ति, बायबलांतील पहिल्या पुस्तकाचें नांव. आणि ‘न्वार’ हा काळा या अर्थाचा फ्रेंच शब्द. गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत अमेरिकेंत गुन्हेगारीच्या चित्रपटांची एक लाट आली होती. पावसानें भिजलेले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर पडलेल्या सावल्या, डोळ्यांवर ओढलेली टोपी आणि क्लबांत गाणारी एखादी देखणी स्त्री, असा त्यांचा थाट. फ्रेंच समीक्षकांनीं त्यांना ‘न्वार’ म्हटलें आणि तेंच नांव रूढ झालें. या खेळांत तीं दोन नांवें शेजारीं आलीं आहेत तीं उगाच नव्हेत. गुन्हा घडला आहे तो विश्वाच्या आधीं, आणि त्याचा माग काढावयाचा आहे तो विश्वांत.

कथा अशी. ‘नो मॅन’ नांवाचा एक ओढगस्तीचा इसम. अंगांत कोट, डोकीवर टोपी, आणि धंदा रस्त्यावर घड्याळें विकण्याचा. क्लबांत गाणाऱ्या ‘मिस मास’वर त्याचें मन जडलें आहे. तिच्याच संगतींतला वादक ‘गोल्डन बॉय’ यालाहि ती हवी आहे. हीं तिघें मनुष्यें नसून विश्वापूर्वींचीं कांहीं सत्त्वें आहेत. ‘मास’ म्हणजे वस्तुमान आणि घड्याळवाला हा काळाचा सोयरा, हें सुज्ञांस फोड करून सांगणें नको. एके रात्रीं गोल्डन बॉय मत्सरानें तिच्यावर पिस्तूल झाडतो. त्या पिस्तुलाच्या तोंडून जो झोत निघतो तोच महास्फोट, म्हणजे तुमचें आमचें विश्व! विज्ञानाच्या पुस्तकांतून विश्वाचा विस्तार दाखविण्याकरितां कर्ण्यासारखी आकृति काढलेली असते ती पुष्कळांनीं पाहिली असेल. तोच कर्णा येथें पिस्तुलाच्या नळीला लागलेला दिसतो. क्षण गोठला आहे. नो मॅन त्या झोतांत उडी घेतो आणि त्याला तारे भेटतात, रोपें भेटतात, आदिमानवांतले शिकारी भेटतात, शास्त्रज्ञ भेटतात. पण तो त्यांना भेटावयास आलेला नाहीं. झालेला बार न झाल्यासारखा कसा करावा एवढी एकच युक्ति त्याला हवी आहे. सारी सृष्टि पुसली म्हणजे गोळीहि पुसली, आणि गोळी पुसली म्हणजे मिस मास वांचली!

आणि या कामीं खेळणाऱ्यानें त्याला हात द्यावयाचा.

ही कल्पना सुचण्यास इटालियन लेखक इतालो काल्व्हिनो यांचें १९६५ सालचें ‘कॉस्मिकॉमिक्स’ हें पुस्तक कारण झालें, हें खेळाच्या कर्त्यांनींच सांगितलें आहे. त्या पुस्तकांत एक मौजेची गोष्ट आहे. विश्वापूर्वीं सगळे जण एकाच बिंदूंत दाटीवाटीनें राहत असतात. आमच्या गिरगांवांतल्या जुन्या चाळीहि त्यापुढें ऐसपैस म्हणावयाच्या. त्या दाटींत एक प्रेमळ बाई म्हणते, ‘थोडी जागा असती तर तुम्हां सर्वांना शेवया करून घातल्या असत्या!’ झालें. शेवया लाटावयाच्या तर हात पसरावयास जागा हवी, पिठाला गहूं हवा, गव्हाला शेत हवें, शेताला सूर्य हवा. आणि तिच्या त्या एका इच्छेसरशीं अवकाश फांकतो आणि विश्व सुरू होतें. काल्व्हिनोंचें विश्व एका गृहिणीच्या वाढण्याच्या इच्छेंतून जन्मलें, आणि या खेळांतलें एका पुरुषाच्या मत्सरांतून. आमच्या वहिनींना ही गोष्ट सांगितली तेव्हां त्या म्हणाल्या, ‘शेवयांचंच खरं असणार.’

नानांना, म्हणजे आमच्या वडील बंधूंना, दोन्ही पटलीं नाहींत. त्यांनीं तीस वर्षें महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविलें. त्यांचें म्हणणें असें कीं, महास्फोट हा कोठेंतरी झालेला स्फोटच नव्हे. आधीं मोकळी जागा होती आणि तींत बार उडाला असें नसून जागाच पसरूं लागली, आणि ती गोष्ट सुमारें १,३८० कोटी वर्षांपूर्वींची. ‘बिग बँग’ हें नांव १९४९ सालीं फ्रेड हॉइल यांनीं बी.बी.सी.वरील व्याख्यानांत दिलें, आणि तें देणाऱ्याला ती उपपत्ति मुळींच मान्य नव्हती! आपले जयंत नारळीकर हॉइल यांचे शिष्य. २०२५ च्या मे महिन्यांत ते पुण्यास निवर्तले. १९६५ सालीं पेन्झिआस व विल्सन यांनीं सर्व दिशांनीं येणारें सूक्ष्मलहरींचें प्रारण नोंदविल्यावर बहुतेक शास्त्रज्ञांनीं महास्फोट मानला, तरी नारळीकरांनीं आपली शंका सोडली नाहीं, आणि १९९३ मध्यें हॉइल व बर्बिज यांच्या सहवर्तमान निराळी उपपत्ति पुढें मांडली. ‘तुमच्या या नो मॅनला इतकी दगदग कशाला? त्याला नारळीकरांकडे पाठवा. बार झालाच नाहीं असं ते सिद्ध करूं पाहत होते,’ हा नानांचा विनोद पहिल्याच रात्रीं झाला, आणि त्यावर चिरंजीव इतके हंसले कीं पडद्यावरील घड्याळवाला बराच वेळ पावसांत उभा राहिला.

कारण आमच्या घरीं हा खेळ एकट्यानें, दार लोटून, खेळला गेला नाहीं. चिरंजीव सुटींत आले होते. त्यांनीं तो दिवाणखान्यांतील टी.व्ही.ला जोडला आणि जेवणें आटोपल्यावर चार रात्रीं तो चालला. नाना आरामखुर्चींत, वहिनी शेंगा फोडीत, आम्ही कोचाच्या कडेला, आणि ताई झोपाळ्यावर. ताई आमच्या थोरल्या भगिनी. यजमान दोन वर्षांपूर्वीं वारले. तेव्हांपासून त्या आमच्याकडेच असतात. त्या टी.व्ही. फारशा पाहत नाहींत, पण काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांनीं काढलेलीं तीं चित्रें पाहून, ‘हें कोणी फळ्यावर खडूनं काढलं आहे का?’ असें त्यांनीं विचारलें आणि मग त्या उठल्या नाहींत. चित्रें खरोखरच तशीं आहेत. रंग इतका जपून वापरला आहे कीं पिवळा दिसला म्हणजे छातींत धस्स होतें. एका रेघेचा जिना होतो, जिन्याची तार होते, तारेची पेटीची पट्टी होते. आणि हें सारें होतें तें संगीताच्या तालावर.

आतां त्या संगीताविषयीं. हें संगीत जॅझ आहे. तें ‘स्किलबार्ड’ या इंग्रज जोडीनें केलेलें आहे. जॅझ म्हणजे गोंगाट अशी समजूत आमच्या घरांतहि होती. वास्तविक मराठी माणसाचे कान या संगीताला अगदींच अनोळखी नाहींत. १९३५ सालीं लिऑन अॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत येऊन वाजवूं लागला. त्या हवेंत गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली, आणि तींतले ‘चिक चॉकलेट’ म्हणून प्रसिद्ध असलेले आंतोनियो शाविएर वाझ यांचें साह्य आपल्या सी. रामचंद्रांना लाभलें. भगवान यांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’तील गाण्यांवर ज्यांनीं ताल धरला आहे, त्यांनीं थोडा जॅझ नकळत पचविलाच आहे.

ख्याल ऐकणाऱ्याला त्यांतली मौज कळावयास एक गोष्ट पुरे. गवई तान घेतो ती आयत्या वेळीं सुचलेली. पण रागाबाहेर तो जात नाहीं आणि समेला चुकत नाहीं. जॅझवाल्याजवळ राग नसतो. त्याच्याजवळ स्वरसंघांचें एक आवर्तन असतें, तें पुनः पुनः फिरतें, आणि त्यावर तो आपली तान रचतो. दुसरें असें कीं तो एकटा नसतो. एकानें विचारावें आणि दुसऱ्यानें सांगावें, आपल्या सवाल-जबाबाप्रमाणें. अमेरिकेंतील गुलामगिरींत राबणाऱ्यांच्या श्रमगीतांतून आणि त्यांच्या प्रार्थनामंदिरांतून ही रीत आली. हर्बी हॅन्कॉक या पियानोवादकांनीं स्वतःची एक आठवण सांगितलेली आहे. जर्मनींत स्टुटगार्ट येथें ते माइल्स डेव्हिस यांच्या साथीस बसले होते. मैफल रंगात आलेली, आणि डेव्हिस यांचें वादन ऐन शिखरावर असतांना हॅन्कॉक यांच्या हातून पार चुकीचा स्वरसंघ वाजला. त्यांनीं कानांवर हात ठेविले. डेव्हिस क्षणभर थांबले, एक श्वास घेतला, आणि त्यांनीं पुढें असे स्वर वाजविले कीं तो चुकलेला स्वरसंघ बरोबर ठरला! हॅन्कॉक यांचा त्यावरील अभिप्राय असा कीं, डेव्हिस यांना ती चूक म्हणून ऐकूंच आली नाहीं. घडलेली एक गोष्ट म्हणून ऐकूं आली. वाजलेला सूर परत घेतां येत नाहीं, पण तो काय होता हें पुढला सूर ठरवितो.

नो मॅनला नेमकें हेंच उमगत नाहीं, आणि म्हणूनच या खेळांत जॅझ केवळ शोभेला घेतलेला नाहीं असें आम्हांस वाटतें. हा जॅझच्या मुलखांतला माणूस आणि झालेला सूर परत घ्यावयास निघाला आहे! वाटेंत त्याला एक वादक भेटतो. तो एक तुकडा वाजवितो, आपण उत्तर द्यावयाचें. तो पुनः वाजवितो, आपण पुनः. सगळ्या खेळांत हा भाग आम्हांस सर्वांत आवडला. येथें सुटावयाचें असें कोडें उरत नाहीं, कोणी पाठीवर नाहीं, आणि आपला नायक प्रथमच कोणाचें तरी ऐकत आहे.

पण त्याच्या आदल्या रात्रीं घरांत वाद झाला तो सांगावयाचा राहिला. कथेचा मतलब उलगडल्यावर चिरंजीव म्हणाले, ‘हा माणूस स्वार्थी आहे. एकीसाठीं सगळं विश्व?’ वहिनी म्हणाल्या, ‘असूं दे स्वार्थी. सावित्री यमाच्या मागं निघाली तेव्हां तिनं काय जगाला विचारलं होतं?’ नाना म्हणाले, ‘सावित्रीनं यमाशीं वाद केला, त्याचं घर जाळलं नाहीं. आणि प्रमद्वरा साप चावून गेली तेव्हां रुरूनं तिला अर्धं आयुष्य दिलं खरं, पण तें स्वतःचं.’ वादाला रंग चढला. आम्हीहि भर घातली. झोपाळा तेवढा थांबला होता.

‘या झोतांत आपण कुठं आहों रे?’ ताईंनीं विचारलें.

चिरंजीवांनीं पडद्यावर कर्ण्याच्या रुंद तोंडाकडे बोट दाखविलें. ‘इकडे कुठंतरी, आत्या.’

‘म्हणजे यानं सगळं पुसलं तर आपणहि पुसलों.’

‘हो. सगळेच.’

‘आणि हे?’

चिरंजीवांना प्रश्न कळला नाहीं. आम्हां इतरांना कळला. नानांनीं चष्मा काढून पुसला. ‘तेहि,’ ते म्हणाले, ‘होतेच नाहींत असं होईल.’

त्या रात्रीं खेळ तेथेंच थांबला. आम्हांस झोंप लागली नाहीं. तोंवर आम्ही सारे ‘त्यानें विश्व पुसावें कीं पुसूं नये’ असा वाद घालीत होतों, जणूं कांहीं आम्ही बाहेर बसून पाहणारे पंच! ताईंनीं आम्हांस उचलून आंत ठेविलें. प्रिय माणूस गेलें तर तें जाणें न झालेलें व्हावें असें कोणाला वाटत नाहीं? पण ज्या जगांत तें माणूस गेलें, त्याच जगांत तें आलेंहि होतें. बेचाळीस वर्षें पोह्यांत मीठ कमी म्हणून कुरकुरलेंहि होतें. खेळांतल्या नायकाला ही अडचण नाहीं. त्याची प्रिया विश्वाच्या आधींची. अडचण आहे ती खेळणाऱ्याला, आणि कर्त्यांनीं ती मुद्दाम ठेविली असावी.

तिसऱ्या रात्रीं तो वादक आला तेव्हां ताई झोपाळ्यावरून उतरल्या आणि म्हणाल्या, ‘दे बघूं इकडे.’ चिरंजीवांनीं कंट्रोलर त्यांच्या हातीं दिला.

‘यांत हरतात कसं?’

‘हरत नाहींत, आत्या.’

‘मग जिंकतात कसं?’

‘जिंकतहि नाहींत. तो वाजवील, तुम्ही वाजवा.’

आणि त्या वाजवूं लागल्या.

आतां दोष. ते आहेत, आणि लपविण्याजोगे नाहींत. खेळ आपणांकडून काय अपेक्षितो हें पुष्कळदां समजतच नाहीं. काळ्या पडद्यावर कोठें दाबावें, काय ओढावें, काय फिरवावें, असें चांचपडत बसावें लागतें, आणि ज्याला कोडें म्हणावें तें उलगडल्यावर कित्येकदां असें दिसतें कीं त्यांत कोडें असें कांहीं नव्हतेंच. हात योग्य जागीं पडण्याचीच वाण होती. चिरंजीवांच्या मतें खरे कोडेबाज या खेळांत कंटाळतील. प्रकरणाच्या आरंभीं विश्वशास्त्राचा थोडका पाठ दिलेला असतो, तो नानांना अपुरा आणि वहिनींना जास्त वाटला. नायकाचें चालणें तर इतकें मंद कीं, विश्व पुसण्याची याला घाई आहे यावर विश्वास बसूं नये. उत्तरार्धांत चित्रकारांना आपल्याच चित्रांचा मोह पडला आहे. एखादी सुंदर तान गवयानें चौथ्यांदां घ्यावी तसें होतें. मिस मासविषयींहि आमची तक्रार आहे. सगळी धडपड तिच्यासाठीं. पण तिला स्वतःला काय हवें होतें हें जेवढें कळावें तेवढें कळत नाहीं. काल्व्हिनोंच्या बाईला निदान शेवया तरी करावयाच्या होत्या!

ज्यांना हा खेळ घरीं आणावयाचा असेल त्यांच्यासाठीं थोडें व्यवहाराचें. साधारण संगणकावर आणि निन्टेन्डो स्विच, एक्सबॉक्स या यंत्रांवरहि तो चालतो. एकट्यानें खेळावयाचा असल्यास चांगले हेडफोन लावावेत; फोनच्या चिमुकल्या कर्ण्यांतून हें संगीत ऐकणें म्हणजे सतार भिंतीपलीकडून ऐकणें. लहान मुलांपुढें लावूं नये. पिस्तूल तर आहेच, शिवाय प्रेमिकांचे प्रसंगहि आहेत. ते रेघांतच काढलेले आहेत, पण त्यांचा अर्थ काय हें मुलें विचारतात. इंग्रजी मजकूर थोडा, त्यामुळें इंग्रजी बेताचें असणाऱ्यांचेंहि कोठें अडत नाहीं. शेवट आम्ही येथें सांगणार नाहीं. नाना व चिरंजीव त्यावरून अद्याप भांडतात एवढेंच कळवितों.

चौथ्या रात्रीं, शेवटच्या भागाच्या वेळीं, ताई लवकर झोंपावयास गेल्या. सकाळीं चहाच्या वेळीं चिरंजीव म्हणाले, ‘आत्या, शेवट दाखवूं का?’ त्या म्हणाल्या, ‘आज नको. तो वाजवणारा परत लाव.’ त्यासाठीं खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागला, आणि चिरंजीवांना तेथवर पोंचावयास दुपारची वेळ झाली. तोंवर ताईंनीं गवार निवडून ठेविली होती.